उपाय मिळाला, कारण कुठे आहे?

गेल्या जुलैमधली गोष्ट. माजिवड्याच्या नाक्यावर रस्ता ओलांडताना आमच्या घरातला एक मोबाईल खिशातून निसटून साचलेल्या पाण्यात पडला. घोडबंदर रस्ता, पूर्व द्रुतगती मार्ग आणि नाशिककडे जाणारा महामार्ग तिथे एकत्र येतात. त्यामुळे फोन उचलायलासुद्धा गाड्या थांबण्याची वाट पाहावी लागली. घरी पोचेपर्यंत बातमी इमारतीत पसरली होती आणि तासाभरात आमच्याकडे सल्ल्यांचा ढीग जमला. तांदळाच्या डब्यात ठेवा. केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा मारा. फ्रिजमध्ये ठेवा. चार्जरला लावा, म्हणजे आतून तापेल आणि पाणी उडून जाईल. प्रत्येकाने आपला सल्ला कुठे तरी वाचलेला किंवा पाहिलेला होता. असे का करायचे, हे मात्र एकालाही सांगता आले नाही. आम्हीही घाईत होतो, कुणाला विचारले नाही. यांतला एक सल्ला आम्ही पाळला. त्याचे काय झाले ते शेवटी सांगू.

तेव्हापासून आम्ही अशा मजकुराकडे जरा बारकाईने पाहू लागलो. वर्तमानपत्रांतली तंत्रज्ञानाची सदरे, मोबाईलवर फिरणारे संदेश, मिनिटाभराच्या चित्रफिती, उपकरणाबरोबर येणारी माहितीपुस्तिका, असा हा मोठा संसार आहे. संगणक मंद झाला, मोबाईलची जागा भरली, वाय-फाय तुटते, फ्रिज आवाज करतो, अशा प्रत्येक अडचणीवर तिथे उपाय मिळतो. या सगळ्या मजकुराला आपण सोयीसाठी ‘उपायलेखन’ म्हणू. पाठ्यपुस्तकातली एक चुकीची आकृती आपल्याला खटकते, आपण तिच्याविषयी पत्र लिहितो. पण आपले विद्यार्थी आणि त्यांचे पालक पाठ्यपुस्तकापेक्षा हे उपायलेखन कितीतरी जास्त वाचतात. मग त्याची समीक्षा का करू नये?

प्रथम त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. हा मजकूर फुकट मिळतो, सोप्या मराठीत असतो, आणि ज्याला इंग्रजी पुस्तिका वाचता येत नाही त्याच्या मनातली यंत्राची भीती कमी करतो. त्यातले अनेक उपाय बरोबरही असतात. आमचा आक्षेप उपाय चुकीचे असण्याला नाहीच. आक्षेप एकच आहे : उपाय दिला जातो, पण कारण दिले जात नाही. कारण गाळल्यामुळे तीन गोष्टी होतात. उपाय तपासता येत नाही, तो कधी शिळा झाला ते कळत नाही, आणि वाचणाऱ्याला न विचारता सांगितले तसे करण्याची सवय लागते. या तिन्ही गोष्टी आता एकेक उदाहरण घेऊन पाहू.

तांदळाचा डबा

भिजलेला मोबाईल तांदळात ठेवावा, हा सल्ला घरोघर पोचला आहे. त्यामागे एक अर्धे कारण आहे. तांदूळ ओलावा शोषतो, म्हणून तो मोबाईलमधले पाणीही ओढून घेईल. पण थोडा विचार करा. डब्यातल्या तांदळात आधीच साधारण १२ ते १४ टक्के पाणी असते. जुलै महिन्यात ठाण्याच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवशी ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेशी समतोल साधून बसलेला तांदूळ आणखी किती पाणी घेणार, आणि तेही मोबाईलच्या बारीक फटींतून? पाणी वाळण्यासाठी त्याची वाफ आजूबाजूच्या हवेत जावी लागते आणि ती हवा सतत बदलत राहावी लागते. बंद डब्यात हवा हलत नाही. शिवाय तांदळाचे पीठ आणि कण मोबाईलच्या छिद्रांत जातात. जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना याच कारणासाठी तांदळाची पिशवी वापरू नका असे सांगितले.

मग तांदळाचा उपाय इतक्या लोकांना ‘लागू’ कसा पडला? इथे विज्ञानाच्या शिक्षकाला फार चांगली संधी आहे. थोडेसे भिजलेले अनेक मोबाईल नुसते बंद करून ठेवले तरी वाळतात आणि चालू होतात. त्या वेळी ते तांदळात होते एवढ्यामुळे श्रेय तांदळाला मिळते. तांदळाशिवाय ठेवलेला दुसरा मोबाईल शेजारी नसतो, त्यामुळे तुलना होतच नाही. औषध न घेताही सर्दी बरी होते, आणि आपण मात्र काढ्याचे गुण गातो, तसेच हे.

ही तुलना वर्गात करता येते. स्पंजचे चार सारखे तुकडे घ्या. प्रत्येकाला सारखे पाणी पाजा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. एक तुकडा तांदूळ भरलेल्या बंद डब्यात, दुसरा रिकाम्या बंद डब्यात, तिसरा उघड्या बशीत आणि चौथा पंख्याखाली उघड्या बशीत ठेवा. दर तासाला वजन करून आलेख काढा. कोणता तुकडा आधी वाळेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्या. शेवटी आणखी एक प्रश्न विचारा : स्पंज आणि मोबाईल यांत फरक काय, आणि त्यामुळे आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष मोबाईलला किती लागू पडतो? हा शेवटचा प्रश्न आम्हाला प्रयोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पाणी एवढीच अडचण नसते, हेही सांगायला हवे. रस्त्यावरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते विजेचे वाहक असते. त्यातून विद्युतप्रवाह गेला की विद्युतअपघटन होते आणि तांब्याचे बारीक संपर्कबिंदू झपाट्याने गंजतात. पाणी आणि वीज एकत्र येणे हा खरा शत्रू आहे. हे कारण एकदा समजले की उपाय पाठ करावा लागत नाही, तो आपोआप सुचतो. मोबाईल ताबडतोब बंद करायचा, चार्जरला मुळीच लावायचा नाही, बाहेरून पुसायचा, चार्जिंगचे छिद्र खाली धरून हलके ठोकून पाणी काढायचे, आणि हलत्या हवेत ठेवायचा. वर दिलेल्या सल्ल्यांपैकी कोणता सर्वांत घातक होता, तेही आता वाचकांच्या लक्षात आले असेल.

शिळे झालेले सल्ले

दुसरा मुद्दा सल्ल्याच्या आयुष्याचा. मोबाईलची बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि मगच चार्ज करावी, असे आजही सांगितले जाते. हा सल्ला मुळात खोटा नव्हता. भारतात मोबाईल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. त्या काळातल्या उपकरणांत निकेल-कॅडमियम बॅटऱ्या सर्रास असत. अशी बॅटरी वारंवार अर्धवट उतरलेली असताना चार्ज केली, तर तिची क्षमता कमी झाल्यासारखी वाटते. याला ‘स्मृती परिणाम’ म्हणत, आणि तो टाळण्यासाठी बॅटरी अधूनमधून पूर्ण उतरवत. आजच्या मोबाईलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ही बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली, आणि तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला असा स्मृती परिणाम जाणवण्याइतका नसतो. उलट तिला वारंवार शून्यावर नेणे आणि तापलेल्या अवस्थेत पूर्ण भरलेली ठेवणे, या दोन्ही गोष्टींनी तिचे वय वाढते. रसायन बदलले, पण सल्ला तसाच राहिला. त्याबरोबर कारण जोडलेले असते, तर निकेल-कॅडमियम गेले तेव्हाच सल्लाही गेला असता.

शाळेच्या संगणककक्षातले उदाहरण आणखी मजेदार आहे. पडद्यावर हलती चित्रे दाखवणारा ‘स्क्रीनसेव्हर’ लावला की पडदा जास्त टिकतो, असे कित्येक ठिकाणी अजून शिकवले जाते. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर फॉस्फरचा थर असे. एकच चित्र तासन्‌तास राहिले, तर तेवढ्या भागातला फॉस्फर जास्त झिजे आणि त्या चित्राची पुसट छाप कायमची उमटे. म्हणून चित्र हलते ठेवायचे. नंतर आलेल्या सपाट एलसीडी पडद्यात फॉस्फर नाही, मागे एक दिवा असतो. हलते चित्र दाखवत राहिले तर तो दिवा जळतच राहतो. पडद्याचे रक्षण होत नाही, वीज मात्र जाते. अशा पडद्याला काही वेळाने बंद व्हायला सांगणे, हाच शहाणपणा.

गोष्ट इथे संपत नाही. आज अनेक मोबाईलमध्ये ओएलईडी पडदा असतो. त्यातला प्रत्येक बिंदू सेंद्रिय पदार्थाचा असून तो स्वतः प्रकाश देतो आणि वापराबरोबर मंद होत जातो. एकच चित्र सतत ठळकपणे दाखवले, तर इथेही छाप उमटू शकते. म्हणजे मेलेला सल्ला नव्या पडद्यापुरता पुन्हा जिवंत झाला! ज्याला फक्त ‘स्क्रीनसेव्हर लावा’ किंवा ‘लावू नका’ एवढेच पाठ आहे, त्याचा इथे गोंधळ होईल. पडदा प्रकाश कसा देतो हे ज्याला माहीत आहे, तो नवा पडदा समोर आला तरी स्वतः निर्णय घेईल. कारण माहीत असण्याचा फायदा हाच.

बंद करा, पुन्हा चालू करा

सर्व उपायांचा राजा म्हणजे हा उपाय. आणि तो खरोखर चालतो. संगणक किंवा मोबाईल काम करताना तात्पुरती माहिती ‘रॅम’ नावाच्या स्मृतीत ठेवतो. अनेक कार्यक्रम एकाच वेळी तिथे लिहीत-पुसत असतात. एखादा कार्यक्रम वापरलेली जागा परत करत नाही, एखादा दुसऱ्याची वाट पाहत अडकून बसतो. वीज गेली की ही स्मृती कोरी होते, आणि यंत्र पुन्हा ठरलेल्या ओळखीच्या स्थितीपासून सुरुवात करते. म्हणून बंद-चालूचा उपाय अंधश्रद्धा नाही. पण तो बिघाड दूर करतो तेव्हा बिघाडाचा पुरावाही पुसून टाकतो, हे कुणी सांगत नाही.

आमच्या घरी रात्री आठच्या सुमारास वाय-फायवरची चित्रफीत थांबत असे. आम्ही राउटर बंद करून चालू करत होतो आणि दोन-तीन मिनिटांत सारे सुरळीत होत होते. उपाय लागू पडला, असे आम्ही बरेच दिवस मानले. पुढे एका रविवारी दुपारी पाहुण्यांसाठी जेवण गरम करताना चित्रफीत पुन्हा थांबली आणि डोक्यात प्रकाश पडला. आमचा राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. सूक्ष्मलहरी ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरतो, आणि वाय-फायचा एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. ओव्हनमधून बाहेर निसटणाऱ्या लहरी अतिशय अल्प असतात आणि चांगल्या स्थितीतल्या ओव्हनच्या बाबतीत त्या आरोग्याला धोकादायक मानल्या जात नाहीत. पण वाय-फायचा संदेश त्याहूनही क्षीण असतो, म्हणून तो त्या गोंगाटात हरवतो. राउटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागत आणि तेवढ्यात आमची आमटी गरम होऊन ओव्हन बंद झालेला असे. श्रेय मात्र राउटर बंद करण्याला मिळत होते! मोबाईल ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडला आणि तक्रार संपली.

तेव्हा या उपायावर आमची टीका एवढीच. ‘बंद करून चालू करा’ याच्यापुढे आणखी एक ओळ हवी : बिघाड पुन्हा आला, तर तो केव्हा आला आणि त्या वेळी आणखी काय चालू होते, ते लिहून ठेवा.

मराठी अक्षरे कुठे गेली?

आता शिक्षकांच्या रोजच्या अनुभवातले उदाहरण. प्रश्नपत्रिका घरच्या संगणकावर मराठीत टंकलिखित केली, ती पेनड्राइव्हवर घेऊन छपाईच्या दुकानात गेलो, तिथे फाईल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! उपाय सगळ्यांना ठाऊक आहे : ‘त्यांच्याकडे तो फाँट नाही, फाँट टाकून घ्या.’ फाँट टाकला की मराठी दिसते आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण आजार तसाच राहतो.

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराला दिलेला क्रमांक साठवतो. जुन्या मराठी फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले होते. फाईलमध्ये क्रमांक रोमन अक्षराचा, आणि फाँट त्यावर ‘क’ किंवा काना रेखाटणार. फाँट काढला की मुखवटा उतरतो आणि खालचे रोमन अक्षर दिसते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, नावांची यादी अकारविल्हे लावता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचनयंत्र तो मजकूर वाचू शकत नाही.

यावरचा खरा उपाय जुनाच आहे. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. युनिकोडमध्ये ‘क’ चा क्रमांक दशमान पद्धतीने २३२५ आहे, मग फाँट कोणताही असो आणि संगणक ठाण्यातला असो वा टोरांटोतला. तेव्हा योग्य सल्ला असा : नवे लेखन युनिकोडमध्येच करा, जुन्या फायली रूपांतर करून घ्या, आणि छपाईला देताना फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या. ‘फाँट टाका’ या उपायाने वर्षानुवर्षे लाखो पाने मुखवट्याआडच ठेवली. एखाद्या शाळेने आपल्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रके अशा फाँटात ठेवली असतील आणि तो फाँट उद्या मिळेनासा झाला, तर नुकसान केवढे होईल याचा विचार करा.

चपला घाला म्हणजे मुंग्या येणार नाहीत

काही उपाय नुसते अपुरे नसतात, ते धोक्याची घंटाच बंद करतात. धातूचे आवरण असलेला लॅपटॉप चार्ज होत असताना त्यावर हात फिरवला, तर कधी कधी बोटांना बारीक मुंग्या आल्यासारखे वाटते. यावर सल्ला मिळतो : पायात रबरी चपला घाला. तो पाळला की मुंग्या थांबतातही.

कारण पाहू. चार्जरमध्ये नको असलेल्या उच्च वारंवारतेचा गोंगाट कमी करण्यासाठी छोटी धारित्रे बसवलेली असतात. त्यांच्यामधून विजेचा अगदी अल्प अंश बाहेरच्या बाजूला झिरपतो. भूसंपर्कन ठीक असेल, तर तो तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जातो. चार्जर दोन पिनांचा असेल किंवा भिंतीतल्या खोबणीची तिसरी तार कुठेच जोडलेली नसेल, तर तो आपल्या शरीरातून वाट काढतो. हा प्रवाह सहसा एक मिलिअँपिअरच्याही आत असतो, म्हणून मुंग्या येतात, धक्का बसत नाही. चपला घातल्या की ही वाट अडते.

पण या मुंग्यांनी आपल्याला एक प्रश्न विचारला होता : तीन पिनांचा चार्जर लावूनही असे होत असेल, तर घरातले भूसंपर्कन खरोखर आहे का? लॅपटॉपच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असले तरी फारसे बिघडत नाही. त्याच खोबणीला उद्या इस्त्री किंवा कपडे धुण्याचे यंत्र लावले आणि त्याचे आतले विद्युतरोधन खराब झाले, तर मात्र तीच त्रुटी जीव घेऊ शकते. तेव्हा मुंग्या आल्यावर चपला शोधण्याआधी परवानाधारक वीजतंत्र्याला बोलवावे, भूसंपर्कन तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी घरात आहे का, ते विचारावे. ही तपासणी विद्यार्थ्यांनी स्वतः करायची नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे. फुगलेल्या बॅटरीचेही तसेच. ती दाबून सपाट करा, टाचणीने हवा काढा, असे सल्ले कुणी दिले तर ते ऐकू नयेत. आत ज्वालाग्राही द्रावण आणि वायू असतो. वापर थांबवावा, चार्ज करू नये, आणि ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी.

सांगितले तसे केले

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत गंभीर मुद्दा. उपायलेखनाची भाषा पाहा. सेटिंगमध्ये जा. हे दाबा. ते दाबा. ‘होय’ म्हणा. झाले. वर्षानुवर्षे अशी वाक्ये वाचून आपल्याला पायऱ्या पाळण्याची सवय होते. आता हीच वाक्ये फोनवरून एक सभ्य आवाज सांगतो आहे, अशी कल्पना करा. तुमचे वीजबिल अद्ययावत झालेले नाही, रात्री वीज तोडली जाईल. हे अ‍ॅप उतरवून घ्या. हे दाबा. ते दाबा. आता आलेला आकडा वाचून दाखवा. त्या अ‍ॅपमुळे समोरच्याला आपला पडदा दिसू लागतो, आणि खाते रिकामे होते.

अशा फसवणुकीला बळी पडणारी माणसे अडाणी नसतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, बँकेत हयात घालवलेले लोक असतात. दोष गुन्हेगाराचाच आहे, आणि उपायांची सदरे लिहिणाऱ्यांवर आम्ही तो ढकलत नाही. पण ‘हे दाबल्याने नेमके काय होते?’ हा प्रश्न विचारण्याची सवय असलेला माणूस दुसऱ्या पायरीवरच अडखळेल. वीजबिलासाठी माझा पडदा दुसऱ्याला कशाला दिसायला हवा? हा अडखळण्याचा क्षणच त्याला वाचवतो. (फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे. जितके लवकर कळवू, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.) कारण विचारण्याची सवय ही नुसती वैज्ञानिक शिस्त राहिलेली नाही, ती आता घराच्या दाराची कडी आहे.

चांगला उपाय कसा ओळखावा?

कोणताही सल्ला हाती आला की त्याला पाच प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो.

१. हा उपाय कोणत्या कारणावर चालतो, ते सांगितले आहे का?
२. तो कोणत्या प्रकारच्या यंत्राला लागू आहे आणि कोणत्या नाही, ते सांगितले आहे का?
३. उपाय न करता नुसते थांबलो असतो तर काय झाले असते?
४. उपाय चुकला तर पूर्वस्थितीत येता येईल का? न येण्यासारखा असेल, तर आधी माहितीची प्रत काढून ठेवायला सांगितले आहे का?
५. कुठे थांबायचे आणि जाणकाराला केव्हा बोलवायचे, ते सांगितले आहे का?

पाचही प्रश्नांना उत्तर देणारा सल्ला दोन ओळींत मावणार नाही, पण दहा ओळींत नक्की मावतो. सदरे लिहिणाऱ्यांकडे आमचे मागणे एवढेच, की दहा उपायांऐवजी दोनच द्या, पण कारणासकट द्या.

शाळेकडेही एक मागणे आहे. २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकात ‘धाराविद्युत’ आणि माहिती संप्रेषण तंत्रज्ञान असे दोन पाठ होते. २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात घरातली वीजजोडणी, वितळतार आणि अतिभार यांची माहिती होती. सामग्री चांगली आहे, पण हे पाठ एकमेकांना भेटत नाहीत. चार्जर म्हणजे धाराविद्युत आणि संगणक म्हणजे बटणे, अशी वाटणी विद्यार्थ्याच्या मनात होते. ही भेट शिक्षकालाच घडवावी लागेल. त्यासाठी वर्गात एक ‘बिघाडवही’ ठेवावी. घरात काही बिघडले की विद्यार्थ्याने चार रकाने भरायचे : काय दिसले, काय कारण असावे असे वाटले, ते तपासायला कोणती एकच गोष्ट बदलली, आणि काय आढळले. ‘एकच’ हा शब्द महत्त्वाचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कशामुळे झाले ते कळत नाही. वीजजोडणीला हात न लावता करता येतील अशीच तपासणी वहीत घ्यावी.

राहिली आमच्या मोबाईलची गोष्ट. ओला असतानाच आम्ही तो चार्जरला लावला होता. दोन दिवसांनी तो चालू झाला, पण चार्ज होईना. नाक्याजवळच्या दुरुस्तीच्या छोट्या दुकानात नेला. तिथल्या कारागिराने आधी दुसरी केबल लावून पाहिली, मग दुसरा चार्जर, मग भिंग घेऊन छिद्रात डोकावला. ‘या, बघा’ म्हणून त्याने आम्हालाही भिंगातून दाखवले. संपर्कबिंदूंवर हिरवट थर जमला होता. ‘ओला असताना करंट दिलात ना?’ त्याने विचारले. आम्ही मान खाली घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलत तो कारणापर्यंत पोचला आणि ते कारण त्याने आम्हाला दाखवले. आमच्या विज्ञानाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना हेच शिकवतो, पण त्या पावसात ते आम्हाला आठवले नव्हते.

आपल्या शाळेत बिघाडवहीचा प्रयोग कुणी केला, तर विद्यार्थ्यांच्या नोंदी आम्हाला जरूर कळवाव्यात. विशेषतः ज्या नोंदींत पहिला अंदाज चुकला, त्या वाचायला आम्हाला अधिक आवडतील.